छाती साफ, तरी रोज थापटायचं? सिस्टिक फायब्रोसिस आणि तान्ह्या बाळाची फुप्फुसं

“छाती साफ हाय म्हणता, मंग रोज दोनदा थापटाले कायले सांगता?” सिस्टिक फायब्रोसिसचं निदान घेऊन बाळ नागपूर-सेवाग्रामहून गावी परतलं की थोड्याच दिवसांत घरात कोणीतरी हे विचारतं. बहुतेक वेळा आजी. प्रश्न रास्त आहे. बाळ खेळतंय, खोकला नाही, डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला तर आवाज स्वच्छ, एक्स-रेवर डाग नाही. मग सकाळ-संध्याकाळ मशीनची (नेब्युलायझरची) औषधी वाफ, थापटणं, महागडी औषधं, हा खटाटोप कशासाठी?

कारण या आजारात फुप्फुसाची खराबी खोकल्याच्या आधी सुरू होते. ती जिथे सुरू होते तिथला बिघाड स्टेथोस्कोपला ऐकू येत नाही आणि साध्या एक्स-रेत दिसत नाही. खोकला, बेडका, धाप ही त्या खराबीची बरीच पुढची पायरी आहे.

## बिघाड नेमका कुठे

सिस्टिक फायब्रोसिस (पुढे फक्त ‘सीएफ’) हा जन्मजात, आनुवंशिक आजार आहे. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. सातव्या गुणसूत्रावर सीएफटीआर नावाचं एक जनुक आहे. ते 1989 मध्ये सापडलं. पेशीतून क्लोराइड, म्हणजे मिठाचा एक भाग, आणि बायकार्बोनेट हा क्षार बाहेर जायचा मार्ग या जनुकामुळे तयार होतो. क्षार जिकडे जातात तिकडे पाणी जातं. मार्गच बंद असला तर श्वासनलिकांच्या आतल्या अस्तरावर पाण्याचा जो पातळ थर हवा, तो सुकतो.

निरोगी माणसाच्या श्वासनलिकेतही कफ असतो आणि तो असायलाच हवा. धूळ, धूर, जंतू त्याला चिकटतात, आणि अस्तरावरचे बारीक केस हलून तो कफ घशाकडे ढकलत राहतात. आपण तो नकळत गिळून टाकतो. सीएफमध्ये खालचा पाण्याचा थर आटल्यामुळे कफ त्या केसांवरच बसतो आणि हलत नाही. बायकार्बोनेट कमी असल्याने तो नीट उलगडतही नाही, घट्ट आणि चिवट राहतो.

हाच प्रकार स्वादुपिंडात होतो, म्हणून स्निग्ध पदार्थ पचवणारा रस आतड्यात पोचत नाही. घामाच्या ग्रंथींमध्ये मात्र उलटं होतं. तिथे मीठ परत आत घेण्याचं काम याच मार्गाचं असतं, ते होत नाही आणि घाम खूप खारट येतो. बाळाचा पापा घेतला की ओठ खारट लागतात, कपाळावर मिठाची पांढरी पूड दिसते. आईने हे सांगितलं तर कोणत्याही डॉक्टरने ते हसण्यावारी नेऊ नये.

## खोकल्याआधी काय घडतं

वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत ठिबक कसं चोंदतं ते आठवा. मुख्य पाइपला काही होत नाही. क्षार बसतात ते शेवटच्या बारीक ड्रिपरमध्ये. शंभरातले वीस ड्रिपर बंद पडले तरी मोटरजवळच्या मीटरचा काटा फारसा हलत नाही, कारण पाणी उरलेल्यांतून जातच असतं. झाड पिवळं पडून बंद ड्रिपर कळतो, तेव्हा मुळं सुकलेली असतात.

फुप्फुसातही वरच्या मोठ्या श्वासनलिका रुंद असतात. त्यांना फाटे फुटत फुटत शेवटी दोन मिलिमीटरपेक्षा बारीक हजारो नळ्या होतात, आणि सीएफचा कफ आधी अडकतो तो तिथे. एकूण हवेचा प्रवाह या नळ्यांतल्या काही बंद झाल्याने कमी झालेला जाणवत नाही. म्हणूनच स्टेथोस्कोप गप्प राहतो आणि फुंकून करायची श्वासाची तपासणीही बरीच वर्षं ठीक येऊ शकते. शिवाय ती तपासणी पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलाला नीट जमतही नाही.

अडकलेल्या कफामागे शरीराचे रक्षक, म्हणजे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी, गोळा होतात. जंतू असोत नसोत, त्या येतात. त्यांच्याजवळ इलास्टेज नावाचं एक रसायन असतं. ते जंतूंसाठी असतं, पण प्रमाणाबाहेर साचलं की श्वासनलिकेच्या भिंतीतले लवचीक धागेच कापत जातं. भिंत सैल पडते, नळी फुगते आणि तशीच राहते. फुगलेल्या नळीत कफ आणखी साचतो, त्यात जंतू वाढतात, पांढऱ्या पेशी आणखी येतात. कायमच्या रुंदावलेल्या या नळ्यांना ब्रॉन्किएक्टॅसिस म्हणतात. एकदा पक्की झाली की ही अवस्था औषधाने मागे फिरत नाही.

हे किती लवकर होतं? ऑस्ट्रेलियात पर्थ आणि मेलबर्नमध्ये, जन्मतःच्या तपासणीत सीएफ सापडलेल्या 127 बाळांचा पाठपुरावा झाला. तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांच्या वयात सीटी स्कॅन केला तर सुमारे 29 टक्के बाळांत नळ्या रुंदावल्याच्या खुणा होत्या. तीन वर्षांच्या वयात हे प्रमाण 61 टक्क्यांवर गेलं. तीन महिन्यांच्या वयात ज्यांच्या फुप्फुसातल्या धुवणात (थोडं पाणी आत सोडून परत ओढलेल्या नमुन्यात) इलास्टेज सापडलं, त्यांना पुढे हा धोका जास्त होता. ही मुलं जन्मापासून तज्ज्ञांच्या देखरेखीत होती, हे विसरू नका. आपल्याकडे सीएफसाठी सगळ्या नवजात बाळांची टाचेच्या रक्ताची तपासणी होत नाही. निदान होतं ते तिसऱ्या-चौथ्या निमोनियानंतर, कधी त्याहून उशिरा.

## “पण हा तर गोऱ्या लोकांचा आजार ना?”

पाठ्यपुस्तकात तसं शिकवलं जायचं, म्हणून अनेक डॉक्टरांच्या डोक्यातच हा आजार येत नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत तो जास्त आहे हे खरं, पण भारतीय मुलांत तो नाही हे खरं नाही. फरक आहे तो बिघाडाच्या प्रकारात. युरोपात एफ-508-डेल हा एकच बदल बहुसंख्य रुग्णांत सापडतो. भारतीय रुग्णांत त्याचा वाटा बराच कमी असतो आणि इतर अनेक बदल दिसतात. त्यामुळे ठरावीक यादीपुरती स्वस्त जनुक तपासणी ‘निगेटिव्ह’ आली म्हणून आपल्याकडे सीएफ नाही असं म्हणता येत नाही.

आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलं तरच आजार होतो. एकाकडूनच आलं तर मूल फक्त वाहक, त्याला त्रास नाही. दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात चारात एक अशी शक्यता. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झालेल्या जोडप्यात दोघांकडे एकच जनुक असण्याची शक्यता वाढते. नात्यातल्या लग्नाचा विषय निघाला की घरात सुनेकडे बोट जातं, म्हणून स्पष्टच सांगतो: दोन बिघडलेल्या जनुकांपैकी एक बापाकडून आलेलं असतं.

## निमोनिया, टीबी, कुपोषण: तीन मुखवटे

वर्षातून तीनदा ‘डब्बा’ म्हणजे निमोनिया झालेलं मूल गावात कोणाला नवं नाही. आशाताईंना श्वास मोजायचं प्रशिक्षण असतं: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त असेल तर निमोनिया धरायचा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच माणसांकडून असं निमोनियाचं निदान आणि उपचार होऊ शकतात हे दाखवून दिलं, आणि ही रीत खरोखर जीव वाचवते. पण ती आजचा निमोनिया पकडते. तो पुन्हा पुन्हा का होतो हे सांगत नाही.

दुसरा मुखवटा टीबीचा. जुना खोकला, वजन घटलेलं, एक्स-रेवर सावली, की औषधं सुरू. टीबी आपल्याकडे आहेच, त्यामुळे शंका चूक नाही. चूक होते ती नंतर: सीबी-नाट तपासणीत जंतू सापडलेला नसतो, सहा महिन्यांचा कोर्स होऊनही खोकला तसाच असतो, आणि तरी दुसरा कोर्स चालू होतो. तिथे थांबून घामाची तपासणी मागायला हवी.

तिसरा कुपोषणाचा. मूल पोटभर, कधी अधाशासारखं खातं आणि वजन वाढत नाही. शी मोठी, फिकट, तेलकट, उग्र वासाची. धुताना भांड्याला चिकटते. अंगणवाडीत तीव्र कुपोषित म्हणून नोंद होते, पोषण पुनर्वसन केंद्रात थोडं वजन वाढतं, घरी आलं की पुन्हा घसरतं. पोट फुगलेलं असतं. मेळघाटात फुगलेल्या पोटावर तापलेल्या विळ्याने डागायची प्रथा अजून पुरती गेलेली नाही. डागल्याने आतला रस वाढत नाही, जखमेतून जंतू मात्र जातात.

यातलं कोणतंही एकच लक्षण असेल तर सीएफ असेलच असं नाही. पण वारंवार निमोनिया आणि तेलकट शी, किंवा वारंवार निमोनिया आणि खारट घाम, किंवा जन्मल्यावर घट्ट काळ्या शीने आतडं अडकून ऑपरेशन झालेलं बाळ: असं काही एकत्र दिसलं की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून किंवा थेट ग्रामीण रुग्णालयातून वर पाठवायला सांगा. चिठ्ठीवर ‘वारंवार निमोनिया’ एवढंच न लिहिता ‘सीएफची शंका, घामाची तपासणी करावी’ असं लिहून घ्या. मोठ्या रुग्णालयात पहिल्या दिवशी कोण तपासतं यावर बरंच अवलंबून असतं, आणि त्या एका ओळीने फरक पडतो.

## घामाची तपासणी

हाताच्या कातडीवर पिलोकार्पिन नावाचं औषध लावून पाच मिनिटं अगदी सौम्य वीजप्रवाह देतात. मुंग्या येतात, दुखत नाही. मग तिथला घाम अर्धा तास गोळा करून त्यातलं क्लोराइड मोजतात. लिटरला 60 मिलिमोल किंवा जास्त आलं तर सीएफ जवळपास नक्की, 30 ते 59 संशयास्पद, 30 च्या खाली आलं तर शक्यता फारच कमी.

गडबड होते ती घाम पुरेसा न आल्याने. बाळ दोन किलोपेक्षा कमी वजनाचं, फार लहान किंवा सुकलेलं असेल तर नमुना अपुरा पडतो. तेव्हा ‘निगेटिव्ह’ म्हणायचं नसतं, पुन्हा करायचं असतं. अंगावर सूज असेल तर आकडा खोटा कमी येऊ शकतो, आणि तीव्र कुपोषणात तो खोटा जास्तही येऊ शकतो. आधी मूल सावरू द्यावं, मग तपासणी पुन्हा करावी. हे यंत्र सगळ्या रुग्णालयांत नसतं, म्हणून एसटीत बसायच्या आधी फोन करून विचारावं. पॉझिटिव्ह आल्यावर ती दुसऱ्यांदा करून किंवा जनुक तपासणीने पक्कं करतात.

## थापटायचं कसं

आता आजीच्या प्रश्नाकडे. कफ आपोआप वर येत नाही, तर तो हलवावा लागतो, आणि नळ्या धडधाकट असतानाच हलवणं सोपं असतं. निदान झाल्या दिवसापासून दिवसातून दोनदा, खोकला असो वा नसो. सर्दी-खोकला झाला तर तीन-चारदा.

दूध पाजण्याआधी करा, किंवा पाजून किमान दीड-दोन तासांनी. पोट भरलेलं असताना केलं तर उलटी छातीत जाऊ शकते. हाताची ओंजळ करा, बोटं जुळलेली, तळवा मध्ये पोकळ. बाळाच्या अंगावर एक पातळ सुती झबलं असू द्या. बरोबर थापटलं तर ‘ठप्‌ ठप्‌’ असा पोकळ आवाज येतो. ‘चट्‌’ असा आला म्हणजे तळवा सपाट झाला, आणि तो बाळाला लागतो. कातडी लाल होता कामा नये. मांडीवर बसवून पुढून आणि पाठीमागून, मग डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, मग मांडीवर पालथं, प्रत्येक जागी तीन ते पाच मिनिटं. फक्त बरगड्यांवर थापटायचं. पाठीचा कणा, पोट, बरगड्यांच्या खालचा भाग सोडायचा. पूर्वी बाळाचं डोकं खाली करून थापटायला शिकवत. तान्ह्या बाळात दूध वर येतं म्हणून आता ते टाळतात. तुम्हाला कोणी जुन्या पद्धतीने शिकवलं असेल तर फिजिओथेरपिस्टला विचारून घ्या.

तीन-चार वर्षांचं मूल फुंकू लागलं की बाटलीचा खेळ कामाला येतो. एक लिटरची स्वच्छ बाटली, त्यात साधारण 10 सेंटिमीटर पाणी, आणि तळापर्यंत जाणारी 30-40 सेंटिमीटरची नळी. नळीचं आतलं भोक 8 ते 10 मिलिमीटर हवं. बारीक नळी (सलाइनची किंवा शहाळ्याची) वापरली तर फुंकायला फार जोर लागतो आणि दाब नको तेवढा चढतो. बाटलीचं तोंड उघडं राहिलं पाहिजे. मूल लांब श्वास घेऊन बुडबुडे काढतं, दहा वेळा, मग तोंड उघडून आरशावर वाफ सोडल्यासारखं ‘हाऽ’ करतं, मग खोकतं. असे सहा ते दहा फेरे. मूल ते पाणी ओढून पितं, म्हणून समोर बसा. प्रत्येक वेळी पाणी बदला, नंतर नळी-बाटली धुऊन उलटी ठेवून सुकवा.

बेडका थुंकून दाखवायची अपेक्षा ठेवू नका. सहा-सात वर्षांपर्यंत मुलं तो गिळतात. बाहेर काही दिसलं नाही म्हणून काम झालं नाही, असं नसतं.

## मशीन, मिठाचं पाणी आणि वीज

क्रम चुकला की औषध वाया जातं. आधी श्वासनलिका सैल करणारा पंप स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं) लावून, मग 10-15 मिनिटांनी तीव्र मिठाच्या पाण्याची वाफ, मग थापटणं किंवा फुंकणं, आणि प्रतिजैविकाची वाफ असेल तर सगळ्यात शेवटी, नळ्या मोकळ्या झाल्यावर. मिठाचं पाणी 3 किंवा 7 टक्क्यांचं असतं, ते घरी मीठ विरघळवून कधीही बनवू नये. पहिली वाफ रुग्णालयातच घ्यावी, कारण काही बाळांची छाती त्याने आवळते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना 48 आठवडे 7 टक्क्यांची वाफ देऊन पाहिली तेव्हा फुप्फुसात हवा सगळीकडे सारखी पसरते का याचं मोजमाप सुधारलं. चार महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या मोठ्या चाचणीत मात्र छातीच्या दुखण्यांची संख्या कमी झाली नव्हती, म्हणून तान्ह्यांना ती सरसकट देत नाहीत; डॉक्टर बाळ पाहून ठरवतात.

मास्क नाकातोंडावर घट्ट बसायला हवा. बोटभर लांब धरला तर बहुतेक औषध हवेत जातं. रडणाऱ्या बाळालाही ते छातीत कमीच पोचतं, म्हणून पेंगुळलेल्या वेळी द्या. गावात वीज जाते, आणि ती नेमकी संध्याकाळी जाते. स्पेसरचा पंप आणि थापटणं यांना वीज लागत नाही, ते चुकवू नका. वाफ वीज आल्यावर घ्या.

मशीनची वाटी आणि मास्क यांची स्वच्छता ही औषधाइतकीच महत्त्वाची, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. प्रत्येक वापरानंतर साबणाच्या पाण्याने धुवायचं. दिवसातून एकदा, कंपनीने उकळायला चालतील असं सांगितलेले भाग पाच मिनिटं उकळायचे. मग स्वच्छ फडक्यावर उघडे सुकवायचे. ओले भाग डब्यात बंद केले की दुसऱ्या दिवशी तुम्ही बाळाला जंतूंचीच वाफ देता. व्हिनेगरने ते मरत नाहीत.

## ज्या जंतूची खरी भीती

बाळपणी आधी स्टॅफिलोकोकस आणि हिमोफिलससारखे जंतू येतात. धसका घ्यायचा तो स्युडोमोनासचा. साचलेलं पाणी, मोरी, ओलसर नळी आणि विदर्भातल्या प्रत्येक घरात असलेला कूलर ही त्याची राहायची ठिकाणं. कूलर बंद करा असं मी म्हणणार नाही. मे महिन्यात चंद्रपूरला पारा 45 च्या वर असताना सीएफचं बाळ बिनकूलरच्या खोलीत ठेवणं त्याहून धोक्याचं आहे, ते पुढे येईलच. पण टाकीतलं पाणी रोज बदला, आठवड्यातून एकदा टाकी आणि खस धुऊन उन्हात कडकडीत वाळवा, त्या वेळी बाळ दुसरीकडे ठेवा आणि वाऱ्याचा झोत थेट त्याच्या तोंडावर नको. कुजलेलं कुटार, शेणखताचा ढीग आणि सोयाबीनची मळणी यांतून अस्परजिलस ही बुरशी उडते. त्या दिवशी बाळाला खळ्यावर नेऊ नका.

स्युडोमोनास पहिल्यांदा आला की त्याला हाकलता येतं: टोब्रामायसिनची वाफ दिवसातून दोनदा, 28 दिवस, हा रूढ उपचार. तो चिकट थर करून बसला की मग निघत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी घशाचा, खोकवून घेतलेला नमुना जंतुतपासणीला द्यायचा, बाळ ठणठणीत असलं तरी. तपासणी न करता फक्त लक्षणांची वाट पाहणाऱ्याला हा पहिला महिना मिळत नाही.

खोकला वाढला तर प्रतिजैविकाचा पाच दिवसांचा नेहमीचा कोर्स सीएफमध्ये पुरत नाही. साधारण दोन आठवडे द्यावा लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना तज्ज्ञांची लेखी चिठ्ठी आधीच देऊन ठेवा. सीएफची दोन मुलं एकत्र खेळू देऊ नका, किमान दोन मीटर अंतर हवं, कारण त्यांचे जंतू एकमेकांना लागतात. सरकारी लसी सगळ्या, न्यूमोकोकलची धरून, वेळेवर. आणि सहा महिन्यांनंतर दरवर्षी फ्लूची.

धुराचंही बोलायला हवं. पऱ्हाट्या आणि तुराट्या फुकट मिळतात, सिलिंडर महाग आहे, हे कळतं. निदान बाळाची झोपायची खोली चुलीपासून वेगळी करा, आणि बिडी अंगणाच्या बाहेर.

## उन्हाळा, मीठ आणि खाणं

1948 साली न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली तेव्हा उन्हाने कोसळलेल्या मुलांत सीएफची मुलं जास्त होती. डॉ. पॉल डी सँट-अग्नीज यांच्या ते लक्षात आलं, आणि 1953 मध्ये या मुलांचा घाम खारट असतो हे सिद्ध झालं. न्यूयॉर्कच्या लाटेत हे झालं, तर अकोल्याच्या नेहमीच्या मेमध्ये काय होईल ते सांगायला नको.

बाळ मलूल होतं, दूध सोडतं, उलट्या करतं, डोळे खोल जातात, आणि हगवण मात्र नसते. हगवणीशिवाय सुकलेलं बाळ ही मोठी खूण आहे. रक्तात सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड कमी आणि बायकार्बोनेट जास्त सापडतं. अशा वेळी नुसतं पाणी पाजत राहणं घातक, कारण उरलंसुरलं मीठही पातळ होतं. ओआरएस देत तडक रुग्णालय गाठा.

रोजचं मीठ: निदान झालेल्या बाळाला सहा महिन्यांपर्यंत दिवसाला लहान चहाच्या चमच्याचा (5 मिलिचा) आठवा भाग, त्यानंतर पाव चमचा, दिवसभराच्या दुधा-खाण्यात विभागून. अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांत हे प्रमाण आहे. उन्हाळ्यात किती वाढवायचं ते डॉक्टर बाळ बघून सांगतात. हे फक्त सीएफच्या बाळासाठी. एरवी वर्षाआतल्या बाळाला वरून मीठ देत नाहीत.

तेलकट शी दिसली की घरातले तेल-तूप बंद करतात. ते उलटं आहे. या मुलांना बरोबरीच्या मुलांपेक्षा जास्त ऊर्जा लागते: शेंगदाण्याचा कूट, तीळ, तूप, अंडं, सगळं हवं. सोबत पाचक रसाच्या कॅप्सूल, एका जेवणाला वजनाच्या दर किलोमागे 500 ते 2500 लायपेज युनिट, दिवसाला किलोमागे 10,000 च्या वर नाही. लहान बाळाला कॅप्सूल उघडून आतले दाणे शिजवून मऊ कुस्करलेल्या, गार सफरचंदात देतात. दाणे चुरायचे नाहीत, गरम वरणात घालायचे नाहीत, तोंडात दाणा राहिला तर हिरडी सोलते. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं वेगळी द्यावी लागतात. तीन वर्षांच्या वयात ज्यांचं वजन चांगलं, त्यांची फुप्फुसं सहाव्या वर्षी जास्त चांगली असतात, हे मोठ्या पाहणीत दिसलेलं आहे. म्हणून अंगणवाडीतला महिन्याचा वजनकाटा ही फुप्फुसाचीही तपासणी समजा.

## “सीटी स्कॅनच दर वर्षी काढा मग”

सुरुवातीची खराबी सीटीतच नीट दिसते, पण त्यात किरणं असतात आणि लहान मुलाला औषधाने झोपवावं लागतं. म्हणून तो मोजून, निर्णय बदलणार असेल तेव्हाच. काही केंद्रांत मूल मास्कमधून शांत श्वास घेत असताना फुप्फुसातला वायू किती वेळात धुऊन निघतो ते मोजतात; बारीक नळ्यांचा बिघाड त्यात लवकर कळतो, पण हे यंत्र दुर्मीळ आहे. गावाकडे उरतं ते रात्रीचा खोकला, वजनाचा आलेख, झोपेतला श्वासाचा वेग आणि तीन महिन्यांची जंतुतपासणी. हे चार नेमाने झालं तर बरंच हाती लागतं.

## “नवीन गोळीने बरा होतो म्हणे”

बंद मार्ग स्वतःच दुरुस्त करणारी औषधं आहेत. पहिलं, इव्हाकॅफ्टर, अमेरिकेत 2012 मध्ये मंजूर झालं. तीन औषधांची एकत्र गोळी 2019 मध्ये आली आणि 2023 मध्ये दोन वर्षांच्या मुलांपर्यंत पोचली. ज्यांना लागू पडते त्यांचा कफ पातळ होतो, वजन वाढतं, घामातलं क्लोराइड उतरतं. आजार मुळातून जात नाही, गोळी कायम घ्यावी लागते, आणि रुंदावलेली पक्की नळी मागे येत नाही. अमेरिकेत तिची छापील किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर आहे. भारताच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात सीएफचं नाव आहे, आणि 2022 पासून निवडक केंद्रांतून एका रुग्णाला 50 लाखांपर्यंत मदत मिळण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात असं एक केंद्र मुंबईचं केईएम रुग्णालय. आयुष्यभराच्या औषधाला ती रक्कम पुरत नाही, पण नोंदणी करून ठेवावी.

गोळी कोणाला चालेल हे ठरतं बाळाच्या दोन्ही जनुकांतल्या बदलांच्या नावांवर. पुढच्या गरोदरपणात गर्भाला सीएफ आहे का हे पाहायला 11 ते 13 आठवड्यांदरम्यान वारेची तपासणी करायची तर तिथेही हीच दोन नावं आधी माहीत असावी लागतात. म्हणून संपूर्ण जनुक वाचणारी तपासणी एकदा करून घ्या, आणि तिचा मूळ अहवाल कोणत्याही रुग्णालयाच्या फाइलमध्ये न सोडता छायाप्रत देऊन स्वतःकडे ठेवा.